आईच्या काउंटरवर बाबा

हॅलो?… हो, बोल ताई… अगं, बंद नव्हता, चार्जिंगला लावायचा राहिला होता… थांब, थांब, हळू बोल. कोण म्हणालं तुला?… आत्या. वाटलंच मला.

काय म्हणाली ती नेमकं?… "आईला दारूच्या दुकानात पकडलं." बरं… "खात्याची माणसं आली होती." अजून?… "बाबा बाटली घेऊन पळाले."

नाही गं, हसत नाहीये. म्हणजे हसतेय, पण… ताई, तू आधी बस. उभी आहेस ना? आवाजावरूनच कळतंय. बस खुर्चीवर. आणि तिकीट काढू नकोस… नुसतं बघतेयस ना, मग ते बंद कर. दोघंही ठणठणीत आहेत. मी तासाभरापूर्वीच तिथून आले. बाबा कुंड्यांना पाणी घालत होते आणि आई त्यांना सांगत होती की पाणी मुळाशी घाला, पानांवर नको. म्हणजे सगळं जागच्या जागी आहे.

आत्याचं म्हणशील तर तिचा एकेक शब्द सुटा घेतला तर बराचसा खरा आहे, आणि सगळं मिळून साफ खोटं. आई दारूच्या दुकानात होती, हे खरं. खात्याच्या मॅडम आल्या, खरं. बाबांच्या हातात बाटली होती… हो, तेही खरं. पण पळाले नाहीत. उलट पळायची चांगली संधी होती, तरी परत आले. तेच तर सांगायचंय तुला.

अगं ऐक ना. पहिल्यापासून सांगते. आई तीन महिने झाले, त्या दुकानात काम करते… काम. नोकरी. दारूच्या दुकानात, हो… काउंटरवर… ताई? आहेस ना?

तुला सांगू नकोस म्हणाली होती. म्हणाली, ती लांब राहते, उगाच जीवाला घोर लावून घेईल, आणि मग रोज फोन करून मला उपदेश करेल… हो, तू केलाच असतास.

अगं, तो डुलक्या आठवतो? आई शिक्षिका झाली तेव्हाच्या पहिल्या बॅचमधला. भिंतीला डोकं टेकून झोपायचा तो, डोळे उघडे ठेवून… तोच. चौकातलं दुकान त्याचंच. आता पंचेचाळिशीचा झालाय, पोट सुटलंय, पण आईसमोर अजून हात मागे बांधून उभा राहतो. तर तो एके दिवशी घरी आला, हातात दारूबंदी खात्याची नोटीस. एकवीस वर्षांखालच्यांना विकायची नाही, हा नियम तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. याने वर्षात दोनदा विकली. तिसऱ्यांदा सापडला तर लायसन्स कायमचं गेलं. आणि तोवर सहा महिने प्रत्येक गिऱ्हाइकाचं कार्ड बघायचं, मग ते शंभर वर्षांचं का असेना. कार्ड नाही तर बाटली नाही. मधेच खातं आपलं माणूस गिऱ्हाईक म्हणून पाठवणार, कधी ते सांगणार नाही.

तो आला होता खुलासा लिहून घ्यायला. बाईंसारखं कोणाला लिहिता येतं, म्हणून. आईने आधी नोटीस वाचली, लाल पेन्सिलीने खात्याच्या चार चुका दुरुस्त केल्या, आणि मग त्याला विचारलं, तुला कळलं कसं नाही लहान आहेत ते? तो म्हणाला, बाई, आजकाल सोळाव्या वर्षी दाढ्या येतात, मुली मोठ्यांसारख्या राहतात, मला खरंच ओळखू येत नाही. आई म्हणाली, मला येतं.

बस. इथेच झालं जे व्हायचं ते. त्याने हातच जोडले.

नाही, लगेच नाही हो म्हणाली. म्हणाली, "अरे, मी त्यातलं काय जाणते? आमच्या घरात कोणी कधी थेंबाला शिवलेलं नाही." आणि बाबा शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत बसले होते. त्यांना असा ठसका लागला की मी उठून पाणी आणलं. डुलक्या छताकडे बघत राहिला. त्याने पंधरा वर्षं बाबांना बाटल्या विकल्यात, ताई. तो काय बोलणार?

हो म्हणाली ती त्या मुलीमुळे. दुसऱ्यांदा जी विकली ना, ती अकरावीतल्या एका मुलीला. आईच्याच शाळेतली, आईनेच तिला पहिलीत नाव घालून घेतलेलं. मैत्रिणीला मागे बसवून स्कूटर चालवत होती, वळणावर पडली. कोपराचा चुरा. हात अजून पुरता सरळ होत नाही. डुलक्या हे सांगताना रडला… नाही, खरंच रडला. वाईट माणूस नाहीये तो, नुसता ढिला आहे. आईने नोटिशीची घडी घालून त्याच्या हातात दिली. मग म्हणाली, उद्या तीन वाजता येते.

आमच्याकडे विक्री तीन ते आठच असते ना, रविवारी बंद. म्हणजे आई रोज तीन ते आठ तिथेच. तिने आधी खात्याची नियमांची पुस्तिका घरी आणली, चष्मा लावून दोन रात्री वाचली, खाली रेघा मारल्या. झिंगलेल्याला विकायची नाही. मतदानाच्या दिवशी बंद. एका माणसाला इतक्याच बाटल्या. डुलक्याला यातलं निम्मं माहीतच नव्हतं. पुस्तिका तो कपाटाच्या पायाखाली लावायचा, कपाट डुगडुगतं म्हणून.

आणि मग काय सांगू तुला… अगं, मी मुद्दाम बघायला गेले होते. त्या दुकानासमोर कसली झुंबड असायची, आठवतं? आता रांग. सरळ रांग. माणसं शर्ट आत खोचून येतात. निम्मं गाव तिच्या हाताखालून गेलेलं, तिला बघितलं की आपोआप बोलणं बंद होतं. ती एकेकाचं कार्ड घेते, नाव वाचते, तारीख वाचते, चेहऱ्याकडे बघते, मग बाटली. खोटं कार्ड घेऊन एकजण आला तर त्याला म्हणाली, या तारखेने तू तुझ्या थोरल्या बहिणीपेक्षा पाच महिन्यांनी मोठा आहेस, आईला जाऊन विचार हे कसं काय झालं… हो ना. रांग खाली बसली हसून.

पहिल्या आठवड्यात गिऱ्हाईक कमी झालं. डुलक्या घाबरला. पण मग बायका यायला लागल्या. ज्यांना कधीमधी एखादी वाइन हवी असायची पण त्या गर्दीत शिरवत नव्हतं, त्या. दुकानात उजेड आला, काउंटरपुढची जाळी गेली, ओकाऱ्यांचा वास गेला. तो डुलक्या आता गिऱ्हाइकांना "या, बसा" म्हणतो.

अडचण झाली ती एकाच माणसाची… बरोबर. बाबांची.

तुला ठाऊकच आहे, महिन्यातून दोन शनिवार. त्यांच्या दोस्ताच्या, घड्याळजींच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, बुद्धिबळाचा पट मांडून दोन दोन पेग. त्याच्या वर कधी नाही, घरी कधी नाही. येताना बडीशेप. आता बाटली आणायची कुठून? गावात दुकान एकच, आणि काउंटरवर बायको.

एकदा नदीपलीकडे गेले बसने, तिथल्या दुकानात. येताना बस बंद पडली, सात वाजता मला फोन, येऊन घेऊन जा म्हणून. मी गेले तर रस्त्याकडेला बसलेले, स्वेटरच्या आत बाटली धरून, सर्दी झाल्यासारखे. म्हणाले, "हे या वयात जमायचं नाही गं मला."

मग घड्याळजींना पाठवलं. अगं, तो बिचारा सज्जन माणूस, आईला घाबरतो. रांगेत उभा राहिला, नंबर आला, आईने सहज म्हणून विचारलं, अरे वा, तुम्ही कधीपासून? तर हा म्हणतो, घड्याळं पुसायला हवी आहे… घड्याळं पुसायला. रम. आई म्हणाली, त्यासाठी स्पिरिट चांगलं, औषधाच्या दुकानात मिळतं, शिवाय डाग पडत नाही. आणि हा मुकाट्याने स्पिरिट घेऊन परत… बाबांनी दोन दिवस त्याच्याशी बोलणं सोडलं होतं.

ऐक, आता काल काय झालं ते. घड्याळजींचं डोळ्याचं ऑपरेशन झालं ना, गेल्या आठवड्यात… व्यवस्थित झालं. पट्टी निघाली, दिसायला लागलं. माणसाचं पोटच डोळ्यावर, धास्तावला होता पार. बाबा रोज जाऊन बसायचे त्याच्याशी. त्यांनी शब्द दिला होता, पट्टी निघाली की शनिवारी बसू आणि बाटली माझ्याकडून. आता शब्द दिलाय म्हटल्यावर बाबा…

हो. आणि कालच आईची दाढ दुखत होती. दंतवैद्याकडे साडेतीनची वेळ घेतली होती. म्हणजे पाचपर्यंत ती दुकानात नाही. बाबांनी गणित मांडलं. पावणेचारला जायचं, काउंटरवर डुलक्या असेल, बाटली घ्यायची, निघायचं. एवढं गणित मांडलं आणि पाकीट घरी विसरले. शर्टाच्या खिशात नुसती नोट. वर डोक्यावर हेल्मेट. पायी जाताना हेल्मेट, ताई. म्हणे कोणी ओळखू नये.

तिकडे दंतवैद्याच्या दवाखान्यातली वीज गेली. त्याने सगळ्यांना परत पाठवलं. आई साडेतीनलाच परत दुकानात.

बाबा आत शिरले. रांगेत चारजण. पुढच्याच्या आडून काउंटर नीट दिसेना, आणि हेल्मेटची काच धुळीने माखलेली. पुढचा बाजूला झाला तेव्हा बाबा काउंटरला टेकलेले होते. आई खाली मान घालून आधीच्याचा कार्डनंबर लिहीत होती. तिने वर न बघताच हात पुढे केला. "कार्ड."

बाबा खिसे चाचपायला लागले.

"आणि हेल्मेट काढा. चेहरा दिसायला हवा."

बाबा मला म्हणाले, त्या घडीला मागे वळून चालू लागलो असतो ना, तर तिला कळलंही नसतं. पण म्हणाले, पाय हलेनात. मग त्यांनी हेल्मेट काढलं.

नाही. ओरडली वगैरे नाही. तू आईला ओळखत नाहीस का? आई बघत राहिली त्यांच्याकडे. तिला वाटलं, घरी कोणाला काही झालं, म्हणून बोलवायला आलेत. पहिल्यांदा हेच वाटलं तिला. म्हणून तिने विचारलं, "काय झालं?" आणि बाबांनी… बाबांनी खरं सांगितलं. हळू आवाजात. म्हणाले, "रमची छोटी बाटली हवी होती."

हो… हो ना. तेही अख्ख्या रांगेसमोर.

आईने विचारलं, "कार्ड?" बाबा म्हणाले, "अगं, मी आहे." ती म्हणाली, "ते दिसतंय. कार्ड दाखवा."

आता रांगेत मागे उभा कोण, तर तोच दंतवैद्य. वीज नाही, सुट्टी मिळाली, तर घरी वाइन न्यायला आलेला. तो मध्ये पडला बिचारा. म्हणाला, बाई, मी ओळखतो यांना, यांच्या दाढा मीच बसवल्यात. आई म्हणाली, "दाढांवर जन्मतारीख नसते."

…हास, हास. मीही हसले, पण नंतर. तिथे कोणी हसलं नाही. सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते. बाबा हेल्मेट काखेत घेऊन बाहेर पडले. आईने "पुढचे" म्हटलं आणि दंतवैद्याचं कार्ड घेतलं. डुलक्या सांगत होता, बाईंनी त्याचा नंबर दोनदा तपासून लिहिला.

आणि ताई, बाबा परत आले.

वीस मिनिटांनी. घरी जाऊन पाकीट घेऊन. हेल्मेट घरी ठेवून. आणि रांगेच्या शेवटी उभे राहिले… मीही हेच विचारलं त्यांना. म्हटलं, घरी बसायचं होतं ना, संध्याकाळी काय ते झालं असतं. तर म्हणाले, "मी गेलो आणि आलोच नाही, असं झालं असतं तर तिला त्या सगळ्यांसमोर आठ वाजेपर्यंत एकटीने उभं राहावं लागलं असतं. मग मी निदान रांगेत तरी उभा राहतो."

…हो. बाबाच ते.

त्या वीस मिनिटांत अजून एक गोष्ट झाली. रांगेत एक उंच मुलगी होती, केस वर बांधलेले, हातात गाडीची किल्ली, दिसायला पंचविशीची. तिच्या मागे एक कापडी पिशवीवाल्या बाई. मुलीने बिअर मागितली, कार्ड विसरले म्हणाली, रोज इथूनच नेते म्हणाली. आई म्हणाली, आत्ताच मी घरच्या माणसाला परत पाठवलंय, तुला कशी देऊ बाळा? तेव्हा त्या पिशवीवाल्या बाईंनी पिशवीतून ओळखपत्र काढलं. खात्याच्या मॅडम. आणि मुलगी एकोणीस वर्षांची, त्यांनीच आणलेली… हां, तीच ती "खात्याची माणसं आली". डुलक्या खोक्यावरच बसला.

मॅडम तिथेच बाजूला उभं राहून शेरा लिहीत होत्या. तेवढ्यात बाबांचा नंबर आला. आईने कार्ड घेतलं. दोन्ही बाजू वाचल्या. फोटोकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. नंबर लिहिला. बाटली कागदात गुंडाळून दिली. बाबा निघून गेले. मॅडमनी विचारलं, हे आपले कोण? तर आई म्हणाली, "आत्ता गिऱ्हाईक. आठनंतर बघू."

…लायसन्स राहिलं. मॅडमनी चांगला शेरा दिला, सहा महिन्यांची अटही उठेल म्हणाल्या. डुलक्या आईच्या पाया पडायला गेला. आई म्हणाली, कपाटाला दुसरं काहीतरी लाव.

बाबा घड्याळजींकडे गेलेच नाहीत. समोरच्या बसथांब्यावर बाकावर बसून राहिले, बाटली मांडीवर, कागदसुद्धा न उघडलेली. आत्याच्या शेजारणीने तेव्हाच बघितलं असणार त्यांना… पळाले कसले, चार तास बसले होते तिथे. आठला आईने समोर उभं राहून शटरला कुलूप लावून घेतलं आणि रस्ता ओलांडून आली. दोघं चालत घरी निघाले.

औषधाच्या दुकानापर्यंत आल्यावर ती थांबली. मग विचारलं, केव्हापासून? बाबा म्हणाले, बावीस वर्षं. तू मुख्याध्यापिका झालीस त्या वर्षापासून. ती म्हणाली, मग लपवलंत का? तर बाबांनी सांगितलं… तुला आठवतं का बघ, त्या वर्षी कोणा पालकांनी तक्रार केली होती, एक शिक्षक बारमध्ये दिसले म्हणून. आई घरी येऊन जेवताना म्हणाली होती की शिक्षकाचं घर काचेचं असतं, आतलं सगळं दिसतं. बाबा म्हणाले, मला वाटलं, मग आपण आपलं घराबाहेरच ठेवावं. तुझ्या काचेला डाग नको.

आई म्हणाली, विचारायचं होतं. बाबा म्हणाले, तू नाही म्हणाली असतीस. आई थोडं चालली आणि म्हणाली, "हो. म्हणाले असते."

मी आईकडेच होते गं तेव्हा, पडदे लावत. दोघं आत आले. आईने पिशवी ठेवली आणि सरळ मला विचारलं, तुला माहीत होतं?

…काय सांगणार? हो म्हटलं. अकरा वर्षं. मग विचारलं, अजून कोणाकोणाला? मी एकेक नाव घेत गेले. घड्याळजी. डुलक्या. वरच्या मजल्यावरच्या काकू, त्या बडीशेप पुरवायच्या. माझा नवरा… ताई, खोटं कसं बोलणार मी तिच्यासमोर?… हो, तुमचीही नावं घेतली. दोघांची. भावजी विमानतळावरून आणायचे, तू बुटात घालून सूटकेसमध्ये ठेवायचीस, तेही.

अगं, रागवू नकोस. तिचा चेहरा बघितला असतास ना तर तूही बोलली असतीस. ती खुर्चीवर बसली. म्हणाली, "अख्ख्या गावाच्या जन्मतारखा मला पाठ आहेत, आणि माझ्या घरातलं मला सोडून सगळ्यांना माहीत आहे." तिला पिण्याचं काही वाटलंच नाही गं. आपण सगळे एका बाजूला आणि ती एकटी दुसऱ्या बाजूला, ते लागलं तिला. बाबा दारात उभे. त्यांना आत यावं की बाहेर जावं, कळेना.

मग मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, आई, आणि तू दुकानात काम करतेस हे ताईला सांगितलंस का?

ती उठून पिशवी आवरायला लागली. मग म्हणाली, "ती काळजी करेल म्हणून…" आणि स्वतःच थांबली. बाबांकडे बघितलं. बाबांनी पण बघितलं. कोण आधी हसलं ते मला नीट सांगता यायचं नाही, पण मला वाटतं आईच.

हो… हो, मग जेवलो सगळे. रात्री मी घरी आले.

सकाळी गेले तर बाटली ओट्यावर, कागद उघडलेला. आईने चमचाभर ओतून घेतली होती. बाबा समोर उभे, निकालाची वाट बघत असल्यासारखे. तिने जीभ लावली. तोंड असं केलं, आपण लहानपणी खोकल्याचं औषध घेताना करायचो तसं. म्हणाली, "हे? बावीस वर्षं खोटं बोललात ते यासाठी?" बाबा म्हणाले, थोडं पाणी घालायचं असतं. ती म्हणाली, पाण्याने याचं काय होणार आहे?

पण नियम केलेत. लाल पेन्सिलीने, फ्रिजवर लावलेत. महिन्यातून दोनदाच, म्हणजे आधी होतं तेच. पण घरी, समोरच्या खोलीत, दिवा लावून. घड्याळजींनी इकडे यायचं, नवा डोळा घेऊन अंधारात सायकल चालवायची नाही, येता-जाता सोडायला माणूस. बाटली डुलक्याकडूनच, रांगेत उभं राहून, कार्ड दाखवून. बाबांनी विचारलं, यात अपील कुठे करायचं? ती म्हणाली, खात्याकडे. आज संध्याकाळी बसणार आहेत. आईने बटाटे उकडायला ठेवलेत, सोबत काहीतरी लागतं असं तिने कुठेतरी वाचलंय.

…नाही गं, राग नाही आता. पण एक आहे. तिने यादी केली आहे. ज्यांना ज्यांना माहीत होतं त्यांची. एकेकाला फोन करतेय सकाळपासून. रागवायला नाही, नुसतं विचारायला. केव्हापासून माहीत होतं आणि मला का नाही सांगितलंत, एवढंच. डुलक्याला केला तर तो फोनवर उभा राहून बोलत होता म्हणे, त्याच्या बायकोने सांगितलं. मग घड्याळजी. मग वरच्या काकू, त्या तर जिन्यातून खालीच आल्या आणि आईच्या गळ्यात पडल्या.

त्यांच्यानंतर तूच… हो. म्हणून तर सांगतेय एवढं.

कसला आवाज?… दुसरा फोन येतोय? बघ कोणाचा… आई. बरं.

नाही, असं काही म्हणू नकोस. भावजींच्या अंगावर ढकलू नकोस. "मला आठवत नाही" तर मुळीच नको, तिला कळतं. बुटाचं पण सांग. ताई, ऐक, ती काही शिक्षा करणार नाहीये. तिला फक्त तुझ्या तोंडून ऐकायचंय. पहिल्या वाक्यात सांगून टाक, मग सोपं जातं, मी काल केलं ना…

वाजतोय अजून? मग बोलत काय बसलीस, उचल… हो. हो, मी आहे. घे तिचा. झालं की मला… ताई?

…उचलला वाटतं.